पुढची डोलकाठी नसलेलं गलबत

शाहूपुरीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, जात, लग्न, यातलं काहीच विचारलं नाही. माझी मोटरसायकल दारात उभी होती. तिच्या मागच्या चाकापाशी ते उकिडवे बसले, शॉकअपवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "खड्ड्यात गेल्यावर हिचा धक्का कुठं जातोय, पावणं?"

मी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसला होतो. असल्या प्रश्नाचं उत्तर मला यायला पाहिजे होतं.

"शॉकअपमध्ये जातो."

"आणि तिथनं?"

"तिथनं चेसीत."

"आणि चेसीतनं?"

"सीटमध्ये."

"आणि सीटमधनं तुमच्या कंबरंत," असं म्हणून ते समाधानानं उठले. "म्हंजे शेवटी माणसानंच खायचा. खोली वरची हाय. जिना अरुंद हाय, डोकं सांभाळा. या."

एवढ्यावर खोली मिळाली. पुढं चार पावसाळे मी त्या घरात काढले. भाड्याची बोलणी चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, केली, कारण सरांना असल्या गोष्टीत गम्य नव्हतं. आणि शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'पावणं'च राहिलो. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

त्यांना सगळी गल्ली सर म्हणायची. एका हायस्कुलात ते चित्रकला शिकवायचे, मी गेलो तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. उंच, काटकुळे, पांढरा पायजमा-सदरा, आणि सदऱ्याच्या खिशाभोवती रंगांचे असे डाग की धोब्यानंही हात टेकलेले. घराणं मूळचं मुरगूडच्या अलीकडचं, वेदगंगेच्या काठचं. पिढ्यान्‌पिढ्या शोभेची दारू करणारं. आसपासच्या गावांच्या जत्रांत आभाळात जाऊन फुटणारे गोळे, ज्यांना आमच्याकडं औट म्हणतात, ते ह्यांच्या घरचे. थोरला मुलगा म्हणून सरांनी तो धंदा करायचा, पण त्यांना दारू उडवण्यापेक्षा उडालेली दारू कागदावर काढण्यात गोडी. म्हणून ते चित्रकलेकडं गेले आणि धंदा धाकट्या भावानं धरला. त्या भावाला गावात सगळे उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडं मी नंतर येतो.

सरांचं खूळ सुरू झालं ते बिस्किटाच्या डब्यापासून.

दुबईहून कोण्या भाच्यानं बिस्किटं आणली होती. बिस्किटं संपली, डबा चाचींनी डाळीसाठी घेतला. डब्याच्या झाकणावर समुद्र आणि त्यात एक शिडाचं जहाज. सर जेवताना ते झाकण बघत होते. एकदम घास हातात तसाच ठेवून म्हणाले, "चित्र चुकलंय."

जहाजाला दोनच डोलकाठ्या होत्या. एक मधोमध, एक मागं. पुढचा भाग मोकळा. जिथं एक डोलकाठी हमखास असायला हवी, तिथं काहीच नाही. तीसेक वर्षं पोरांच्या चित्रांतल्या चुका काढलेला माणूस. त्यांना ती रिकामी जागा सहन होईना. एवढं बारीक काम करणारा चित्रकार एक अख्खी डोलकाठी विसरेल कशी? डाळ उघडी टाकून झाकण त्यांनी ताब्यात घेतलं. पुढं कित्येक दिवस लायब्रऱ्या पालथ्या घातल्या, मोबाइलवर शोधलं, आणि एका संध्याकाळी गल्लीत येऊन ओरडले, "चुकलेलं न्हाय! मुद्दाम मोकळं ठेवलंय!"

ते जहाज म्हणजे उखळी तोफांचं गलबत होतं. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगू शकेन.

"हे बगा पावणं," ते चाचींचा मसाला कुटायचं उखळ समोर ओढायचे. "साधी तोफ आडवी. गोळा समोर जातो, धक्का मागं येतो. तोफ चाकावर मागं सरकते, काम झालं. पण किल्ल्याची भिंत उंच असली तर? गोळा भितीवरनं पलीकडं टाकायचा. मग तोफ अशी, ह्या उखळागत, तोंड वर करून बसवायची. गोळा आभाळात. आणि धक्का?" इथं ते थांबायचे. कोणी तरी 'खाली' म्हणेपर्यंत पुढं बोलायचे नाहीत.

"खाली," मी म्हणायचो.

"खाली! जहाजाच्या पोटात! साधं जहाज असंल तर एका बारात तळ फुटून समुद्राला मिळंल. म्हणून फ्रेंचांनी हे जहाजच येगळं बांधलं. रुंद, बुटकं, जाड. तोफेच्या खाली लाकडावर लाकूड, लाकडावर लाकूड, पार कण्यापर्यंत. आणि मधल्या फटीत जुने दोर कोंबलेले. तोफा पुढं, म्हणून पुढची डोलकाठीच काढून टाकली. इंग्रजांनी बघितलं आणि त्यांनीबी केली."

मग त्या जहाजांची नावं यायची. इंग्रजांनी त्यांना ज्वालामुखीची नावं ठेवली होती, गडगडाटाची, नरकाची. सरांना याचं फार हसू यायचं. "नोकरी कुठं लागली म्हणून घरात विचारलं तर पोरगं काय सांगत असंल? आई, मी नरकात लागलोय. जेवण चांगलं हाय."

आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, ते सांगायचे की लढाया संपल्यावर यातली काही जहाजं मोडीत न काढता बर्फाच्या समुद्रात पाठवली. दुसरी जहाजं बर्फात चेपली जायची, पण ही टिकाव धरायची. "धक्का खायची सवय होती की त्यास्नी."

रविवारी घरात मटण असायचं. चाची मलाही खाली बोलवायच्या. सरांच्या वाटीतल्या पांढऱ्या रश्श्यात नळीचं हाड हे जहाज व्हायचं, लिंबाची फोड ही तोफ. ते बोटानं लिंबू दाबून हाड कसं बुडतं ते दाखवायचे. चाची म्हणायच्या, "आधी खावा, मग बुडवा."

चाची गोऱ्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाला भाजीवाला थांबायचा. नवऱ्याच्या खुळाला त्या 'आमची सवत' म्हणायच्या, पण अंगणातल्या टाकीत सर डालड्याच्या डब्याची गलबतं करून बुडवत बसले की धुणं पुढं ढकलायच्या. टाकीत बटाटे पडत. कुठल्या गलबतानं किती उंचीवरनं टाकलेला बटाटा सोसला, यावर गल्लीतली मोठी माणसंसुद्धा उभी राहून वाद घालायची. संध्याकाळी त्याच बटाट्यांची भाजी.

धक्का कुठं जातोय, हा प्रश्न ते कशालाही लावायचे. समोरच्या घरात सासू-सुनेचं वाजलं, तर सर म्हणायचे, "दोघींचा आवाज वर गेला. धक्का त्या बापड्या पोराच्या पोटात." मला एकदा शोरूमच्या साहेबांनी गिऱ्हाइकासमोर झापलं. मी तोंड पाडून घरी आलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब तुमच्यावर वरडला. साहेबावर कंपनी वरडली असणार. आता तुम्ही कुणावर वरडणार?" मी म्हणालो, कुणावर नाही, माझ्या हाताखाली कोणी नाही. "मग तुमीच तळाचं लाकूड. या, चा घ्या. जरा दोर भरू." चहाबरोबर खारी होती. साहेबांचा राग खारीच्या दुसऱ्या तुकड्याला कुठं गेला ते कळलं नाही.

सगळं जग ज्यांच्याशी हसून बोलायचं, त्या सरांशी एकच माणूस बोलत नव्हता. तो म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ.

याचं कारण एक काहील.

काहील म्हणजे गूळ करायची ती भली मोठी लोखंडी कढई. आमच्याकडं पूर्वी नदी ओलांडायला लोक तीच पाण्यात सोडायचे. गलबताचं खूळ नवं नवं होतं तेव्हा सरांनी भावाला पटवलं, की यंदा देवीच्या जत्रेला औट काठावरनं न उडवता नदीतनं उडवू. पाण्यात दुप्पट दिसतील, एक वर, एक खाली. उस्तादांना ते पटलं. काहिलीत औट उडवायचे लोखंडी नळे उभे केले, दोघे भाऊ बसले. पहिला बार झाला. गोळा आभाळात गेला, सुंदर फुटला, आणि धक्क्यानं काहील कलून भोवऱ्यासारखी फिरायला लागली. ती फिरत असतानाच दुसऱ्या नळ्याची वात पेटलेली होती. तो गोळा नदीकाठी पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत जाऊन फुटला. प्रमुख पाहुणे अजून यायचे होते, म्हणून वाचले. पुढारी उशिरा येतात त्याचा गावाला झालेला तेवढा एकच फायदा. प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र वितळून एकमेकींना चिकटल्या, आणि काहील दोघांना घेऊन उलटली.

ही हकिकत मी दोन्ही बाजूंनी ऐकली. सरांचं म्हणणं, "त्यानं दारू जास्त भरली." उस्तादांचं म्हणणं, "त्याचं गलबत चुकलं." चाचींचं म्हणणं, "दोघंबी भिजून आले. एकाला ताप, एकाला सर्दी. काढा मी केला."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण भांडण असं नव्हतं की एकमेकांकडं जायचं नाही. ईदेला सगळे एकत्र, एकाच दस्तरखानावर समोरासमोर. फक्त एकमेकांशी बोलायचं नाही. "भाबी, त्याला सांगा, मीठ हिकडं सरकव." "अगं, त्याला सांग, हात लांब केला तर पोचतंय." मधे चाची, तारखात्यासारख्या.

सरांना याचं वाईट वाटायचं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण गलबताची गोष्ट सांगताना एक तपशील ते कधी गाळायचे नाहीत. त्या जहाजांवर खलाशी आरमाराचे असायचे, पण तोफा चालवायला गोलंदाज बरीच वर्षं लष्कराचे यायचे. जहाज एकाचं, तोफ दुसऱ्याची. कप्तान म्हणायचा जहाज मी वळवणार, गोलंदाज म्हणायचा बार मी काढणार. "एकमेकांचं तोंड बघायचे न्हाईत," सर म्हणायचे. "पण एकमेकांबिगर भागायचं न्हाय."

मी राहायला गेल्यावर तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, एका दुपारी उस्ताद आले. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघत होतो. सरांचाच चेहरा, पण बुटका आणि रुंद केलेला. डाव्या भुवईवर भाजल्याची जुनी खूण. आल्या आल्या त्यांनी खुर्ची अशी फिरवली की सर पाठीमागं येतील, आणि चाचींना म्हणाले, "भाबी, यंदा आपलं औट बंद."

चाची मटार सोलत होत्या. हात थांबला.

नदीवरच्या घाटाच्या दोन्ही अंगाला आता घरं झाली होती. जत्रेला गर्दी मावत नव्हती. पोलिसांनी सांगितलं, घाटावर दारूकाम करायचं नाही. माणसांपासून लांब जागा दाखवा, मग बघू. पलीकडच्या काठाला ऊस, तोडीला आलेला, पार पाण्यापर्यंत. तिथं ठिणगी पडली तर कारखान्याला जायच्या आधी जळायचा. शेतकरी नाही म्हणाले आणि त्यांचं बरोबर होतं.

"आज्ज्यापासनं देवीची पालखी आपल्या औटाबिगर उठलेली न्हाय," उस्ताद भिंतीकडं बघत म्हणाले. "पहिला बार झाल्याबिगर भोई खांदा देत न्हाईत. यंदा गुपचूप उचलायची म्हणत्यात. डीजे लावतो म्हणत्यात." शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू तोंडात खडा आला.

मग उस्तादच हळू म्हणाले, "जागा ऱ्हायली एकच. पाणी."

मागून सरांचा आवाज आला. "त्याला विचार, नळ्यांचं वजन किती?"

"वजन विचारत्यात," चाची म्हणाल्या.

"सांगा, माझ्या दोन माणसांस्नी एक उचलत न्हाय."

"विचार, एका टायमाला बार किती?"

"सांगा, एकच. मागच्यागत दोन न्हाईत. मी काय खुळा न्हाय."

"त्याला सांग, मी बी न्हाय."

असं सवालजवाब चालले, इतके भराभर की चाचींची मान दुखायला लागली. शेवटी त्या मटाराचं ताट घेऊन उठल्या. "मी चा टाकते. तवर तुम्ही भितीला सांगा." त्या आत गेल्या आणि चहा येईपर्यंत सवालजवाब बंद पडले.

पण सर दुसऱ्या दिवशी गावाला गेले, ते माझ्या मोटरसायकलवर मागं बसून, मांडीवर डालड्याच्या डब्यांचं पोतं घेऊन.

गावात पूल व्हायच्या आधीची एक नाव चिंचेखाली पालथी पडलेली होती. पोरं तिच्यावर बसून क्रिकेटचा स्कोअर बघायची. सरांनी ती सुलटी करून घेतली, बोटानं टकटक करत अख्खी तपासली, आणि म्हणाले, "म्हातारी हाय, पण हाडाची हाय." गावातल्या सुताराला घेऊन त्यांनी तिच्या पोटात बाभळीचे ओंडके बसवले. आडवे, त्यावर उभे, परत आडवे. वर फळ्या. मधल्या फटीत भरायला जुने दोर हवे होते. सरांनी देवळात लाऊडस्पीकरवरनं सांगितलं आणि लोकांनी घरच्या माळ्यावरनं काय काय आणून टाकलं! जुने कासरे, मोटेचे नाडे, झोपाळ्याची दोरी. मोटा कधीच गेल्या होत्या, पण नाडे कोणी टाकून दिले नव्हते.

उस्ताद या सगळ्यात कुठं होते? तिथंच होते. घाटाच्या वरच्या पायरीवर, पाठ करून बसलेले. सर रात्री त्यांच्याच घरी जेवायचे, त्यांच्याच पडवीत झोपायचे, आणि सकाळी चिंचेखाली यायचे. पाठोपाठ उस्ताद येऊन पाठ करून बसायचे.

नाव पाण्यात सोडल्यावर तिची परीक्षा घ्यायची होती. दारू तर उगीच उडवता येत नाही. सरांनी गावच्या तालमीतली चांगली वजनदार पोरं बोलवली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एका दमात फळीवरनं नावेत उडी मारायची. पहिल्या उडीला 'कड्‌' असा आवाज झाला आणि घाटावर पाठ केलेली आकृती वळली. एक फळी गेली होती. सर खूश झाले. "बरं झालं आत्ताच गेली." आणखी ओंडके, आणखी दोर. दुसऱ्या दिवशी परत उड्या. पोरांना इतकी मजा यायला लागली की काम झाल्यावरही ती उड्या मारायला यायची. तालुक्याचे साहेब परवानगीसाठी बघायला आले, त्यांनी बूट काढून स्वतः एक उडी मारून बघितली, आणि सही केली.

जत्रेच्या दिवशी सूर्य मावळला तसा घाट माणसांनी भरला. नावेत आम्ही तिघंच. मध्ये उस्ताद आणि त्यांचे नळे; मागं सर, पांढऱ्या सदऱ्यावर नारिंगी लाइफ जॅकेट; आणि मी, हातात पत्र्याचा डबा, कारण पाणी आलं तर उपसायला कोणी तरी हवं होतं. चाची घाटावर पहिल्या पायरीला.

काहिलीसारखी नाव फिरू नये म्हणून सरांनी गलबतवाल्यांचीच युक्ती केली होती. वरच्या अंगाला नांगर, नांगराच्या दोराला बांधलेले आणखी दोर, त्यांची टोकं दोन्ही काठांवर तालमीच्या पोरांच्या हातात. एक शिट्टी म्हणजे सैल सोडा, दोन म्हणजे ओढा. पण समोरासमोर दोन काठ, मधे दोर आणि हातात पैलवान म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. दोन्हीकडनं रस्सीखेच सुरू झाली. नाव एकदा ह्या काठाला, एकदा त्या काठाला. घाटावरनं लोक "लाव ताकद!" म्हणून ओरडायला लागले.

"आरं ह्यो खेळ न्हाय!" सर शिट्टी तोंडातनं काढून किंचाळले. "सोडा! आधी डावीकडची सोडा! डावीकडची म्हंजे माझ्या डावीकडची!"

शेवटी नाव मधोमध येऊन स्थिर झाली. वर देवळात पालखी सजून तयार होती. भोई खांदा न देता उभे. डीजेवाला टेम्पोत बसून तंबाखू मळत होता. उस्तादांनी एकदा देवळाकडं बघितलं, ओठ हलले, आणि वात पेटवून ते खाली बसले.

तो आवाज कानात आला नाही. गुडघ्यांत आला. नाव म्हशीसारखी पाण्यात बसली, वीतभर खाली, आणि तशीच सावकाश वर आली. कडेनं थोडं पाणी आत आलं. फिरली नाही. वर कुठं तरी खूप उंचावर काही तरी उघडलं, पाणी तांबडं-सोनेरी झालं, आणि दोन्ही काठांवरनं जी आरोळी उठली ती मी अजून विसरलो नाही. देवळापाशी भोयांनी खांदा दिला.

मी वर बघत होतो. मग सहज समोर बघितलं. उस्ताद मान मागं टाकून आभाळाकडं बघत होते. नावेचं काय झालं याची त्यांना पर्वाच नव्हती. आणि सर गुडघ्यावर बसून, हातात टॉर्च घेऊन, नावेच्या तळाला कान लावून होते. वर काय फुटलं याची त्यांना पर्वाच नव्हती.

दुसरा बार. तिसरा. प्रत्येक वेळी एकाची मान वर, दुसऱ्याची खाली. चौथ्या बारानंतर उस्ताद आभाळावरनं नजर न काढता म्हणाले, "पाणी आलं का?"

मला वाटलं मला विचारलं. मी डब्याकडं बघायला लागलो.

"थेंब न्हाय," सर म्हणाले. "कडंनं आलं तेवढंच. तळ कोरडा हाय."

"दोर?"

"दाबल्यात. पण धरल्यात."

सरांचा टॉर्च तळावर तसाच.

"वर कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"आरं, मला काय विचारतोस?" उस्ताद एकदम ओरडले. "बघ की वर! तळ बघत बसलायस व्हय, वर बघ!"

त्यांनी पुढची वात पेटवली आणि स्वतःच्या हातानं भावाची हनुवटी धरून वर केली. बार झाला, नाव खाली बसली, वर आली. सरांच्या चष्म्यात मला हिरवं, मग पांढरं, मग परत हिरवं दिसलं. त्यांनी टॉर्च बंद केला. उरलेले सगळे बार त्या दोघांनी वर बघत काढले, आणि तळाकडं लक्ष ठेवायचं काम माझ्यावर आलं.

काठाला लागल्यावर सत्काराला नारळ एकच होता. तो कोणी घ्यायचा यावरनं दोघांचं तिथल्या तिथं जोरात भांडण झालं, समोरासमोर, नावं ठेवून, गावभर ऐकू जाईल असं. चाची पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत ते ऐकत होत्या. नारळ शेवटी त्याच घेऊन आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या केल्या.

पुढच्या महिन्यात उस्तादांनी कोणाची तरी जीप मागून आणली. "चल, तुला दर्या दाखवतो."

तेव्हा मला कळलं की सरांनी समुद्र बघितलेलाच नाही. कोल्हापूरहून रत्नागिरी सकाळी निघून दुपारी पोचण्याइतकी जवळ. आयुष्यभर जहाजं काढणारा माणूस तिथं कधी गेलाच नव्हता. शाळेच्या सहली जायच्या तेव्हा ह्यांच्या मागं गॅदरिंगचे पडदे रंगवायचे असायचे. नंतर राहून गेलं. मी फारच विचारल्यावर एकदा म्हणाले, "आणि चित्रातल्यापेक्षा बारका निघाला तर, पावणं?"

आम्ही चौघे गेलो. मलकापुरात, माझ्या गावी, आईनं जेवायला घातलं, आंबा घाटात उस्ताद दर वळणाला दारूखान्याच्या गोष्टी सांगत होते, आणि सर खिडकीला कपाळ टेकून बसले होते. रत्नागिरीत एका उतारावरनं समुद्र एकदम समोर आला. उस्तादांनी जीप थांबवली. सर खाली उतरले आणि वाळूतनं चालत पाण्याच्या कडेपर्यंत गेले.

आम्ही मागं थांबलो. आता काही तरी ऐकायला मिळणार, उखळी तोफांचं, खलाशांचं, बर्फाच्या समुद्राचं. सरांनी खिशातनं पेन्सिल काढली, हात ताठ लांब केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिल आडवी धरून क्षितिजावर ठेवली. डाव्या टोकापासनं उजव्या टोकापर्यंत सावकाश नेली. परत आणली.

"तीस वर्षं पोरास्नी सांगत आलो, समुद्राची रेघ पट्टीनं मारा," ते म्हणाले. "एखादं पोरगं विचारायचंच, सर, लाटा असत्यात की, मग रेघ सरळ कशी? त्याला दटावून गप करायचो. मला तरी कुठं ठावं होतं?"

"मग?" उस्तादांनी विचारलं.

"सरळ हाय," सर म्हणाले. असं म्हणाले की जणू कोर्टातनं निर्दोष सुटले.

चाची तोवर लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरल्या होत्या. एक लाट आली, त्या अर्ध्या भिजल्या, जिभेवर पाणी घेऊन बघितलं आणि किनारा दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "रेघ काय बघत बसलाय! खरंच खारट हाय वो!"

सरांनी पेन्सिल उस्तादांच्या हातात दिली आणि चपलांसकट पाण्यात गेले.